शाडूचं बोट

"पेटीवरची लाख तुमच्या वडिलांनी लावलेली आहे, तुम्हीच काढा," असं म्हणून फादर ऑल्विननी पेटी प्रणितासमोर सरकवली.

पेटी तळहाताएवढी, चांदीची. काचेआड संताच्या बोटाचं हाड. रोह्याच्या या चॅपलमध्ये ते आलं कुठून, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कुणी वसईचं नाव घेई, कुणी रेवदंड्याचं. आता खरंखोटं तपासायला ते मुंबईला पाठवायचं होतं. पूर्वी पेटीची दुरुस्ती हमरापूरचे मूर्तिकार दिनानाथ यांनी केली होती. ते गेले, म्हणून मुलीला बोलावणं आलं. वडिलांचा, नानांचा दहावा उद्यावर आलेला. पण नाही म्हणायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

चॅपल झाडणारी रोझामावशी बाकावर बसली होती. तापाने फणफणलेल्या नातवाच्या कपाळाला तिने एकदा हीच पेटी लावली होती. तो नातू आता नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करत होता.

तपासणीचा निकाल प्रणिताला आधीच माहीत होता. ती लहान असताना पुराचं पाणी पेटीत शिरलं तेव्हा नानांनी ती कारखान्यात आणली होती. हाड मधोमध तडकलेलं.

"खंडित झालंय गो," ते म्हणाले होते. "आणि माणसाच्या अस्थी अशा डब्यात ठेवायच्या? जीव अडकला असंल त्येचा."

तीळ-तांदूळ घेऊन त्यांनी ते अंतोऱ्याच्या खाडीत सोडलं, घरी येऊन आंघोळ केली आणि शाडूचं नवं हाड घडवून पेटीत बसवलं. आपण कुणाला फसवतोय असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. दरवर्षी जुना गणपती पाण्यात जातो, नवा पाटावर येतो, देव तोच.

तिने लाख खरवडली, काच उचलली. गप्प राहिली असती तर मुंबईत नाना लबाड ठरले असते. तिने सगळं सांगून टाकलं.

रोझामावशी बाकावरून उठली.

"मंग येवढी वर्सं मी मातीला मुका देत व्हते?"

प्रणिताने हातातली काच बाजूला ठेवली.

"नुसतं फेकलान नाय ना खाडीत?"

"नाही मावशी. घरच्या माणसासारखं सोडलं."

मावशीने क्रूसाची खूण केली. "नातू वाचला तो वाचला," असं पुटपुटत तिने झाडू उचलला.

फादरनी तो शाडूचा तुकडा प्रणिताच्या हातावर ठेवला. हे तुमचंच, म्हणाले. तिने तो उलटा केला. खालच्या बाजूला, जिथे कुणाचीच नजर जाणार नव्हती, ओल्या मातीत नानांचा अंगठा उमटला होता. रेष न् रेष.

दुसऱ्या दिवशी अंतोऱ्याला नानांच्या अस्थी सोडून झाल्या. भटजींनी काठावरूनच विचारलं, मडक्यात काही राहिलं नाही ना?

"नाही," प्रणिता म्हणाली.

ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. मडकं डाव्या हातात होतं. उजवी मूठ तिने खांद्यापाशी उंच धरली होती, भिजू नये म्हणून.