कानबाईखालच्या फळ्या

"आबा, त्या फळ्या माले आतेच जोयजेत."

अभिमन आबांच्या ओट्याखाली, चिखलात उभा राहून सुकदेव हे बोलला आणि घरातील बायकांचे गाणे थांबले. आत चौरंगावर कानबाई विराजमान झाली होती. नारळावर रेखलेले नेत्र, नाकात नथ, अंगावर शालू, मागे कण्हेरीचा शृंगार. आणि चौरंगाखाली, श्रावणातल्या ओल्या भुईपासून तिला उंच धरणाऱ्या तीन जाड सागवानी फळ्या. त्या गावच्या नव्हत्या. शिंदखेड्याच्या वाटेवरील तेलगिरणीच्या भिंतीशी उभ्या होत्या, तेथून शनिवारी गावच्या तरुणांनी उचलून आणल्या होत्या. कानबाईच्या आसनासाठी लाकूड नेताना तिथे कोणी कोणाला विचारीत नसे. आणि रविवारी ती एकदा बसली की सोमवारी नदीवर जाईपर्यंत तिचे आसन कोणी हलवीत नसे.

"तुले येड लागनं का रे?" अभिमन आबा दारात आले. "बठेल देवीले उठाडस?"

"गिरणीनी कास्टिक सोडानी टाकी गळी ऱ्हायनी, आबा. आवारमा बठ्ठा सडा व्हयना शे. आते पानी उनं म्हणजे ते बठ्ठं मोरीमाईन नदीमा जाई. त्या फळ्या मोरीले लावाना शेत."

"मांगला साल आमन्या म्हशी मऱ्यात, तवय तुना मालक काय म्हणे? पानी चांगलं शे! तवय तू तोंड उघाडं का? आज बरी तुले नदीनी याद उनी."

"गिरणीनं कुत्रं शे ते," आतून कोणीतरी म्हणाले. "मालकनं लाकूड राखाले उनं."

घरभर हसू पसरले. देवीपुढच्या समईची ज्योतसुद्धा त्या हसण्याने हलली.

"मी मालकसाठे नही उनू," सुकदेव म्हणाला. "सकाय तुम्ही देवीले त्याच पानीमा उतारशात."

"देवीनं देवी देखी लेई. चाल, नीघ आठेन."

गतवर्षी म्हशी दगावल्यानंतर गिरणीने आवाराच्या भिंतीतील मोरीला खाचा पाडल्या होत्या. पावसाचे पाणी एरवी सुखाने वाहू द्यावे. पण आवारात काही सांडले तर फळ्या खाचांत सोडून, काळ्या मातीने लिंपून पाणी आतच कोंडावे, असे ठरले होते. हे काम सुकदेवने मागून घेतले. गाव आणि गिरणी यांच्यामध्ये गावचाच माणूस उभा असावा, अशी त्याची भावना होती. गावाने मात्र तो गिरणीच्या फाटकातून आत जातो, एवढेच पाहिले. शनिवारी ओल्या फळ्या वाळत ठेवून, त्या कोठीत न घालता तो घरी गेला. ही चूक त्याची होती आणि ती तो जाणून होता.

सुट्टीमुळे गिरणीत मुकादम धनसिंग एकटाच होता. धुळ्याचा माणूस, गाववाल्यांविषयी त्याच्या मनात तिरस्काराखेरीज काही नव्हते.

"नाही दिल्या ना फळ्या? मग गेलं उडत. पाऊस पडू दे, आवार आपोआप धुतलं जाईल."

"नदीमा जाई ना, मुकादम."

"नदी काय गिरणीच्या खात्यावर आहे? आणि ऐक, मोरी तुंबवलीस आणि गोदामातली सरकीची ढेप भिजली, तर उद्या फाटकात पाय टाकू नकोस. तुझं गाव तुला पोसेल."

पश्चिमेकडे आभाळ काळवंडून आले होते. सुकदेव वळला आणि थेट घरी गेला. दारावर त्याच्या बायकोने, मंजुळाबाईने, सकाळीच हळदीचे पंजे उमटविले होते. देवी नदीकडे निघाली की प्रत्येक दाराशी क्षणभर थांबते आणि त्या घरची गृहिणी तिला ओवाळते. सुकदेवने पहारीने दार बिजागरीतून उचकटले.

"हाई काय करतस?" मंजुळाबाई धावत आली.

"दार लयी जासू. मोरीले लावसू."

"सकाय देवी आपला दारशी येई. दारच नही त ती कोठे थांबी?"

"उंबरा शे ना."

मग तिने पदर खोचला आणि दाराची दुसरी बाजू धरली.

गल्लीतून जाताना कोणीतरी ओरडले, "दार ईकाले निंघना का रे सुकदेव? मालक पगार देस नही का?" दोघांपैकी कोणीही मान वळविली नाही.

दार खाचांत बसणारे नव्हते. मोरीच्या तोंडापेक्षा ते मोठे होते. सुकदेवने ते आतल्या अंगाने भिंतीला टेकविले, म्हणजे तुंबलेले पाणीच त्याला दाबून धरील. मंजुळाबाई कुंपणाकडची काळी माती आणीत होती, तो कडा लिंपीत होता. सांडलेल्या कास्टिकमध्ये त्याची पावले पोळत होती. धनसिंग व्हरांड्यातून शिव्या देत होता. परंतु त्या निसरड्या, दाहक द्रवात उतरण्याची त्याची छाती झाली नाही. तेवढ्यात पाऊस कोसळला.

आवारातले पाणी हळूहळू चढू लागले आणि ते पंज्यांना भिडले. साबण लागताच लुगड्यावरचा हळदीचा डाग जसा पालटतो, तसा एकेक पिवळा पंजा रक्तवर्ण झाला. मंजुळाबाईने ते पाहिले आणि आपले हात पाठीमागे घेतले.

सकाळी मालकाची गाडी आली. पंप लावून कोंडलेले पाणी रिकाम्या टाकीत ओढण्याचे काम सुरू झाले. ढेप भिजली होती आणि तिचा दोष कोणाचा हे सांगायला धनसिंग आतुर होता. सुकदेवला फाटकाशीच अडविण्यात आले.

"बरं, जास मी," सुकदेव म्हणाला. "मनं दार त द्या."

"वेडा आहेस का?" धनसिंग खेकसला. "ते काढलं तर सगळं बाहेर जाईल! राहू दे तिथंच."

फोड आलेल्या पायांना चिंध्या गुंडाळून तो गावात परतला, तेव्हा डफ वाजत होते. अभिमन आबांनी कानबाई मस्तकी घेतली होती. दारोदारी ती थांबत होती, निरांजने फिरत होती. दार नसलेल्या चौकटीत मंजुळाबाई आरतीचे ताट घेऊन उभी होती. मिरवणूक तिच्यासमोर आली. आबांची दृष्टी त्या उघड्या, काळोख्या घरात क्षणभर गेली आणि पुढे वळली. डफ थांबले नाहीत. मागून येणाऱ्या दोघा तरुणांनी तीन फळ्या उंबऱ्यासमोर धाडकन टाकल्या.

"ले, तुना मालकनं लाकूड!"

वाऱ्याने निरांजन विझले. मंजुळाबाईने ते पुन्हा लावले आणि पाठमोऱ्या देवीला ओवाळले.

सुकदेव सर्वांच्या मागून, अंतर राखून नदीवर गेला. गिरणीची मोरी जिथे नदीला मिळते, त्याच्या किंचित खाली गावचा उतार आहे. तिथे बायका गुडघाभर पाण्यात उतरल्या. कोपरापर्यंत हळदीने माखलेल्या हातांनी त्यांनी देवीला पाण्यात धरले, बुडविले. सुकदेव ते हात वर येण्याची वाट पाहू लागला.

गढूळ पाण्यातून एकेक हात वर आला. सगळे हात पिवळे होते.