एक मामा

ताईने मास्तरांचं मनगट धरलं आणि रेडिएटरच्या झाकणावर गेलेला हात अलगद बाजूला ठेवला, जणू तो चुकून दुसऱ्याच्या सामानातून आला होता.

“गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी थेट तोंडावर येतं.”

“मग किती वेळ थांबायचं?”

“एक मामा.”

मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवला होता. हे माप त्यांच्या ऐकिवात नव्हतं. बाबांची गाडी विकत घ्यायची म्हणून ते नुकतीच तिच्यातून एक फेरी मारून आले होते. इंजिनात पाणी फिरतंय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते व्यवहार करणार नव्हते. ताईच्या धाकट्या भावाला मात्र तो आजच उरकायचा होता. बाबांना जाऊन वर्ष झालं, तरी ताई रोज सकाळी त्या उभ्या गाडीत बसून चहा पिते, हे त्याला बघवत नव्हतं.

“ताई, ती गोष्ट नको. माझ्याकडे घड्याळ आहे.”

“बाबांकडेही होतं.”

ती पायरीवर बसली. बाबांच्या मामाने लिलावात दोन दारांचं कपाट घेतलं. घरी आणून डावं दार उघडलं, तर आत एक गृहस्थ झोपलेले. उठवलं तर म्हणाले, कपाट विकलं असेल, मी विकलेलो नाही. मामा पडला भिडस्त. त्याने उशी दिली. पुढे गृहस्थ मामीच्या आमटीला नावं ठेवण्याइतके घरचे झाले. हे सगळं बाबांसारखंच, खोकल्यासकट सांगत पाऊण तास गेला. मग एके दिवशी मामाला आठवलं, उजवं दार आपण उघडलंच नाही. त्याने कडीला हात घातला आणि...

ताईने रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावून पाहिला.

“गार झाली.”

फडक्यात धरून तिने झाकण अर्धं फिरवलं, थांबली, मग काढलं. धाकट्याने गाडी सुरू केली.

“पाणी तर ढिम्म,” मास्तर म्हणाले.

“इंजिन तापू दे. त्याशिवाय आतली झडप उघडत नाही. बाही पंख्यापासून लांब ठेवा.”

बऱ्याच वेळाने पाणी थरथरलं आणि एका बाजूने वाहू लागलं. मास्तरांनी नकाशावरची नदी दाखवावी तसं लांबूनच बोट केलं.

“घेतली,” ते म्हणाले. धाकट्याने इंजिन बंद केलं. मास्तरांनी किल्लीसाठी हात पुढे केला. “पण उजव्या दारात काय होतं?”

“माहीत नाही,” ताई म्हणाली. “दर वेळी तिथेच गाडी गार व्हायची.”

धाकट्याने किल्लीकडे पाहिलं. मग नळीला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

“आत्ता नेता येणार नाही. गरम आहे.”

“अहो, झाकण लावलं की झालं.”

“बाबा गार झाल्यावरच लावायचे.”

किल्ली खिशात टाकून तो ताईशेजारी पायरीवर टेकला. मास्तरांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

“तर मामाने कडी काढली,” धाकटा म्हणाला, आणि पुढचं सुचायला इतका वेळ थांबला, की तेवढ्यात गाडी गार होते की काय, अशी ताईला धास्ती वाटली.