वाकडी करंगळी

जोॲन पेकने चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला, डेलच्या डाव्या हाताची करंगळी आतल्या बाजूला दुमडली आणि पट्टी तिच्याभोवती गुंडाळली. डेल पन्नाशीचा धिप्पाड गडी, पण नखं कापून घेणाऱ्या पोरासारखा निमूट उभा होता.

"फार आवळू नकोस गं. मागच्या वर्षी बोट निळं पडलं होतं."

"चित्रात वाकडी आहे, मग वाकडीच हवी," जोॲन म्हणाली. "लोक तेवढंच तर बघायला येतात."

आजूबाजूचे हसले. व्हर्डेल प्रुइट हसली नाही. तिच्या दोन्ही हातांत सरबताचा काचेचा जग होता. थोड्या वेळापूर्वी जोॲननेच तो तिच्याकडे दिला होता, आणि देताना तिच्या दंडावर असा काही हात ठेवला होता, की बघणाऱ्याला वाटावं, बाईंना बक्षीस मिळालं.

हार्लो मिल्स गावात चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, चर्चसमोरच्या हिरवळीवर लांबलचक टेबल मांडतात. पांढरी चादर, भाजलेलं हॅम, लोणी लावलेली कणसं, स्ट्रॉबेरीचा केक. नाक्यावरच्या म्युझियममध्ये टांगलेल्या चित्रात जे जिथे आहे, ते तिथे ठेवायचं. आणि चित्रात जे जिथे बसलेत, त्यांना नाहीतर त्यांच्या मुला-नातवंडांना तिथे बसवायचं. मग फोटो. सत्तर वर्षांपूर्वी गावातच राहणाऱ्या चित्रकाराने एका मासिकाच्या मुखपृष्ठासाठी ही पंगत रंगवली, आणि तेव्हापासून ती दातांच्या डॉक्टरांच्या भिंतींवर, बिस्किटांच्या डब्यांवर आणि बँकांच्या कॅलेंडरांवर जाऊन बसली. तेव्हाचा काळ कसा होता, असं कुणी विचारलं, की देशभरची माणसं या चित्राकडे बोट दाखवतात.

चित्राच्या मध्यभागी खुर्चीत एक बाप बसला आहे. शेजारी पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी, आणि तिच्या खांद्यावर बापाचा डावा हात. त्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वळलेली. या हातावर लोकांचा भारी जीव. म्युझियमच्या दुकानात नुसत्या हाताचे कप विकायला असतात. करंगळी डेलच्या आजोबांची, मिस्टर स्टोडर्डांची, त्यांना युद्धात गोळी लागली होती, असं गाव सांगतं. देशासाठी बोट दिलं आणि त्याच हाताने लेकीला जवळ घेतलं! ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं.

आणि टेबलाच्या अगदी टोकाला, चौकटीला जवळजवळ घासून, पांढरा कोट घातलेला एक काळा माणूस जग घेऊन उभा आहे. अख्ख्या चित्रात तेवढाच एक काळा. तो हसतो आहे. तो व्हर्डेलचा बाप, लेम्युएल प्रुइट.

इतकी वर्षं त्या जागेवर कुणीच उभं राहत नसे. एका स्टुलावर नुसता जग ठेवून भागवत. यंदा सोहळ्याच्या समितीला विवेकाची उबळ आली. समितीच्या वतीने जोॲनने व्हर्डेलला हार्टफर्ड शहरात शोधून काढलं आणि फोनवर साखर पेरली. "आपल्या चित्रात सगळे असायला हवेत, नाही का?" 'आपल्या' या शब्दाने व्हर्डेलच्या डोक्यात तिडीक गेली होती. तरी ती येते म्हणाली. चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेली बाई ती. जे सिद्ध करायचं ते फळ्यावर, सगळ्या वर्गासमोर करावं, असं तिचं मत होतं. त्या खुर्चीतला हात कुणाचा आहे हे तिला एकदा याच हिरवळीवर, याच माणसांसमोर सांगायचं होतं. बापाने ते कधी सांगितलं नाही. तो गिळून बसला आणि गिळलेलंच घेऊन गेला.

तो चित्रकार मनाने काही रंगवत नसे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपल्या कोठारात बोलवायचा, हवं तसं बसवून फोटो काढायचा, आणि मग एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड, तिसरीचे बूट असे तुकडे जोडून पंगत शिवायचा. लेम्युएल गावातला मेकॅनिक. चित्रकाराची खटारा गाडी त्याच्याच हातांवर चालायची. एका रविवारी चर्च सुटल्यावर तो तपकिरी सुटात त्या कोठारात खुर्चीवर बसला, आणि शेजारी सहा वर्षांची व्हर्डेल, आईने शिवलेल्या पिवळ्या फ्रॉकमध्ये. दिव्यांनी कोठार तापलं होतं. खांद्यावर बापाचा हात होता. "करंगळी सरळ करू नकोस, लेम," चित्रकार कॅमेऱ्याआडून म्हणाला होता. "तशीच छान दिसते." ती सरळ होणारी नव्हतीच. जन्मापासूनची होती, आणि त्याच्या बापाचीही तशीच होती.

मासिक आलं तेव्हा आईने ते स्वयंपाकघरात उघडलं. खुर्चीत मिस्टर स्टोडर्ड. फ्रॉक व्हर्डेलचा, आणि त्यात चेहरा त्यांच्या लेकीचा, अर्लीनचा. आणि टोकाला बाप, कधी न घातलेल्या कोटात, कधी न हसलेलं हसू हसत.

संध्याकाळी चित्रकार हॅट हातात घेऊन दाराशी आला. मासिकाचा नियम आहे म्हणाला. मुखपृष्ठावर काळा माणूस चालतो, पण काहीतरी वाढताना किंवा उचलताना. त्याचाही नाइलाज झाला म्हणाला. आणि जाता जाता, मोठ्या मनाने:

"हात मात्र तुझाच ठेवला, लेम."

गोरा रंग देऊन ठेवला होता. बापाने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. पानगळ सुरू व्हायच्या आत प्रुइटांनी गाव सोडलं. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत लेम्युएलचा डावा हात खिशात आहे. व्हर्डेलच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा. "बाबा, आज तरी हात बाहेर काढा," असं ती तेव्हा वैतागून म्हणाली होती, आणि त्याने न ऐकल्यासारखं केलं होतं. त्याची ती ऐटच आहे, असं सासरकडच्यांना वाटलं.

"व्हर्डी! ओळखलंस का मला?"

अर्लीन काठी टेकत येत होती. अंगात पिवळा ड्रेस. दरवर्षी ती पिवळंच घालते. चित्रातली मुलगी खुर्चीला टेकून उभी आहे, पण अर्लीनचे गुडघे गेल्यापासून तिच्यासाठी तिथे बैठं स्टूल ठेवतात.

"ओळखलं," व्हर्डेल म्हणाली. "चेहरा सगळीकडे दिसतो तुझा."

अर्लीनला ते कौतुकच वाटलं. तिने व्हर्डेलचं मनगट धरलं. "काय दिवस होते गं ते! दारांना कुलपं नसायची. तुमच्या मागच्या अंगणात आपण खेळायचो. परकं म्हणून कुणी नव्हतंच."

"आम्ही का गेलो मग?"

"तुझ्या बाबांना शहरात चांगली नोकरी लागली ना?"

"असं सांगितलं होय तुला?"

अर्लीनने स्टुलावर बसकण मारली आणि ड्रेसच्या चुण्या गुडघ्यांवर नीट करायला घेतल्या. नीटच होत्या त्या.

हिरवळीच्या दोरीपलीकडे बरीच गर्दी जमली होती. माणसं आपापल्या जागी बसली. डेल मधल्या खुर्चीत बसला आणि पट्टी गुंडाळलेला हात त्याने आपल्या आईच्या, अर्लीनच्या खांद्यावर ठेवला. शिडीवर चढलेला तरुण फोटोग्राफर एकदा छापील चित्राकडे, एकदा टेबलाकडे बघत सूचना देत होता. कणीस उजवीकडे. आजोबा, टोपी काढा.

"जगवाल्या बाई, थोडं मागे. अजून. तुम्ही कडेला हव्यात. बास. आता जग असा पुढे, ओतणार असल्यासारखा." त्याने चित्र पुन्हा पाहिलं. "आणि जरा हसा. चित्रात तो हसतोय."

"त्याला नाव आहे," व्हर्डेल म्हणाली.

"हो, हो, असणारच."

"काय आहे?"

फोटोग्राफरने जोॲनकडे पाहिलं. जोॲनने हातातले कागद चाळले. दोरीपलीकडे कुणीतरी खाकरलं. त्या एवढ्याशा वेळात व्हर्डेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन करून तिला शोधून काढलं, तिच्यासाठी खोली घेतली, उशीवर चॉकलेट ठेवलं, आणि ज्याच्या जागी उभं करायचं त्याचं नाव कुणी पाठ केलं नव्हतं.

तिने जग टेबलावर ठेवला. जोरात ठेवला; सरबत चादरीवर सांडलं. मग खुर्च्यांच्या मागून चालत ती मधल्या खुर्चीपाशी आली, आणि आपला डावा हात डेलच्या पुढ्यात, त्याच्या रिकाम्या ताटाशेजारी पालथा ठेवला.

करंगळी आतल्या बाजूला वळलेली. दुसऱ्या पेरापासून, चित्रात आहे तशी.

डेल बघत राहिला. मग त्याने आईच्या खांद्यावरचा हात उचलून आपली पट्टीतली करंगळी पाहिली, आणि पुन्हा तिची.

"अय्या, तुमचीही…" जोॲनने सुरुवात केली आणि तिथेच थांबली.

"आजोबांना गोळी लागली होती," डेल म्हणाला. सांगत नव्हता, विचारत होता.

"मग मलाही लागली असेल," व्हर्डेल म्हणाली. "माझ्या आजोबांनाही लागली असेल. आमच्या घराण्याच्या करंगळीवर कुणाचा तरी नेम होता म्हणायचं."

"मिस प्रुइट, प्लीज." जोॲन लगबगीने जवळ आली, आवाज मऊ करून. "हे फार महत्त्वाचं आहे, खरंच. आपण उद्या म्युझियममध्ये शांतपणे बसू. आज सगळ्यांचा आनंदाचा दिवस आहे."

"मी कुठे अशांत आहे? अशांत झाले तर हे टेबल उलटं होईल, बाई!" व्हर्डेलचा आवाज दोरीपलीकडे पोचला. "या खुर्चीत माझा बाप बसला होता. सुटात. त्याच्या शेजारी मी होते. तुम्ही त्याला खुर्चीतून उठवलंत, हातात जग दिलात, तोंडावर हसू चिकटवलंत. आणि हात? हात आवडला म्हणून ठेवून घेतलात! कापून! सत्तर वर्षं त्याचे कप विकताय. आणि मला बोलावता कशाला, तर पुन्हा जग धरायला!"

एक माशी हॅमवर येऊन बसली, तिला कुणी हाकललं नाही.

"डेल," अर्लीन खाली बघत म्हणाली, "ऊठ."

"आई?"

"ऊठ म्हणते ना." ती चुण्यांशीच चाळा करत होती. "पपा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांची दहाही बोटं सरळ होती. युद्धावर ते गेलेच नाहीत. डोळे अधू होते त्यांचे."

व्हर्डेल तिच्याकडे वळली. इथवर येताना तिने पुष्कळ गोष्टींची तयारी केली होती. वाद घालतील, खोटं पाडतील, गोड बोलून गप्प बसवतील. याची तयारी नव्हती.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"सगळ्यांनाच ठाऊक होतं, व्हर्डी. तेव्हा होते त्या सगळ्यांना." अर्लीनचा आवाज अगदी साधा होता. "गोळीचं नंतर कुणीतरी काढलं. ऐकायला बरं वाटायचं."

रागाला इतका वेळ एक टोक होतं, चित्रकार नाहीतर मासिक. आता त्यात चर्च आलं, किराणा दुकान आलं, मागच्या अंगणातली दोरीवरची उडी आली. बाप रोज ज्यांच्या गाड्यांखाली शिरायचा, ते सगळे ओळखत होते तो हात. व्हर्डेलला अर्लीनला गदागदा हलवावंसं वाटलं. आभार मानायचं तर तिच्या मनातही आलं नाही.

डेल उठला. व्हर्डेल खुर्चीत बसली. बूड टेकताना तिने घाई केली नाही. सुटातली माणसं बसतात तशी ताठ बसली, आणि डावा हात अर्लीनच्या खांद्यावर ठेवला. पिवळ्या कापडाखाली तो खांदा दचकला, सरकायला बघू लागला. व्हर्डेलने हात तसाच ठेवला, वजनासकट.

आता टेबलाभोवतीच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. डेल त्यांच्या मागे घुटमळत राहिला, बोटाला पट्टी, चेहरा लाल. जोॲनने नजर चुकवली. फोटोग्राफरने छापील चित्र पाहिलं, टेबल पाहिलं, डेलला पाहिलं. उभं राहायला एकच जागा उरली होती, आणि ती कुठे आहे हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.

बऱ्याच वेळाने डेल टोकाला गेला. सांडलेल्या सरबतातून त्याने जग उचलला. पट्टीमुळे त्याला तो नीट धरता येईना.

फोटोग्राफर कॅमेऱ्याला डोळा लावून थांबला होता. शेवटी खुर्चीतून व्हर्डेलच म्हणाली:

"जरा हसा. चित्रात तो हसतोय."