बिननवरीचं लग्न

कझाक मुलखातल्या अल्मा-अतात, दोन पिढ्या तिथं रुजलेल्या कोरियन माणसाकडे लग्न असो, साठी असो की नातवाचा पहिला वाढदिवस, एंगेल्सिना त्युगायशिवाय पान हलत नसे. मेजवानीत कुणी कधी बोलायचं, कधी नाचायचं, कुठल्या व्याह्याला कितव्या पेल्यानंतर गोड बोलून घरी धाडायचं, सगळी सूत्रं तिच्या हातात. बापानं मोठ्या निष्ठेनं देव न मानणाऱ्या कम्युनिस्ट एंगेल्सवरून नाव ठेवलं, पण शहर तिला सीनामावशीच म्हणायचं. नवरा अपोलोन अकॉर्डियन वाजवायचा. बायकोची भुवई वर गेली की वाजवायचं, खाली आली की थांबायचं, एवढा त्यांचा संसार सुरळीत होता.

सोव्हिएत राज्य मोडलं, त्याच्या पुढच्या वसंताची गोष्ट. सीना 'लीरा' कॅफेत टेबलं लावून घेत होती, तेवढ्यात दारात एक सडपातळ तरुण येऊन कमरेत वाकला. सोलहून आलेला, नाव मुन. त्याची कोरियन इस्त्री केलेली, हिची आजीच्या चुलीपाशी वाढलेली. त्याची रशियन तर नुसती पुस्तकातली. दोघांनी मिळेल तो शब्द उचलून बोलायला सुरुवात केली.

"रविवारी हॉल पाहिजे. पुष्कळ माणसं. मोठा आनंद."

"लग्न आहे होय?"

मुननं विचार केला. शब्द त्याला आवडला. "हो, तसंच. नवरीला तयार करायचं आहे."

"नवरी कुठली?"

"इथलीच. याच शहरातली."

"आणि नवरा तू का रे?"

तो दचकून दोन पावलं मागं सरकला. "छे छे! मी नुसता सेवक. नवरा फार मोठा आहे. सगळ्यांहून मोठा!"

"येणार कधी तो?"

"येणार हे नक्की. वेळ मात्र कुणालाच ठाऊक नाही."

सीनानं मान डोलावली. सोलच्या कंपन्या तेव्हा शहरात धडाधड कचेऱ्या उघडत होत्या. कुणी कारखानदार गुपचूप इथली पोरगी करतोय, हे तिनं ताडलं. गुपित पोटात राहीना, म्हणून बाजारात तिखट गाजर विकणाऱ्या रोझा नोगायच्या कानात सोडलं. वर "कुणाला बोलू नकोस" म्हणून बजावलं. रोझाला असं बजावणं म्हणजे चौकात भोंगा लावणं. संध्याकाळपर्यंत नवऱ्याकडे तीन जहाजं आली, आणि ज्या ज्या घरात लग्नाची मुलगी होती त्या त्या घरी इस्त्री तापली.

रविवारी 'लीरा'त मुंगीला शिरायला जागा नव्हती. आया, मुली, मावश्या, आणि ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं ते तर सगळ्यात आधी. कुकसीचे, म्हणजे रश्शातल्या शेवयांचे वाडगे, सारण भरलेल्या वाफाळत्या बेगोद्यांच्या राशी, चिकट भाताच्या वड्या. मधल्या टेबलावर रीतीप्रमाणे लग्नाचा कोंबडा, अख्खा उकडलेला, रंगीत दोऱ्यांनी सजवलेला, चोचीत लाल मिरची.

मुन आत आला तो खिळून राहिला. दहा माणसं आली तरी पुष्कळ, असं तो आठवडाभर स्वतःला समजावत होता. त्याचे डोळे भरून आले. मग त्याची नजर कोंबड्यावर गेली. बराच वेळ तो त्या कोंबड्याकडे बघत राहिला, आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. म्हणजे हे लोक बायबलातली पेत्राची गोष्ट जाणतात! तयार करून आणलेलं प्रवचन त्यानं खिशात कोंबलं आणि कोंबड्यावरच सुरुवात केली. सीना शेजारी उभी राहून त्याची वाकडी रशियन सरळ करत होती.

"पेत्र म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही!"

"कोण हा पेत्र?" ऐंशी पार केलेल्या फेक्लाआजीनं विचारलं.

"नवऱ्याचा मित्र असणार," रोझा म्हणाली.

"अन् ओळखत नाही म्हणाला? काय मेला माणूस तरी!"

"एकदा नाही, तीनदा म्हणाला!" मुन ओरडला. सभागृह हळहळलं. शेवटच्या टेबलावर कुणीतरी त्या पेत्राच्या तोंडात मारायला हवी होती, असंही म्हणालं. "आणि मग कोंबडा आरवला!"

सगळ्यांनी कोंबड्याकडे पाहिलं.

"तेव्हा पेत्र बाहेर गेला आणि रडला." इथं मुननं रशियन बायबलातला शब्द जसाच्या तसा, छातीतून काढला. "गोर्को!"

गोर्को म्हणजे कडू. बायबलात ते पेत्राच्या आसवांबद्दल आहे. पण त्या शहरातल्या लग्नांत हा शब्द एकाच कामाचा: पाहुण्यांनी 'गोर्को' ओरडायचं, आणि नवरा-नवरीनं मुका घेऊन पेयाची कडू चव गोड करायची. सगळा हॉल पेले उंचावून उठला. "गोर्को! गोर्को!" सीनाची भुवई सवयीनंच वर गेली, आणि अपोलोननं लग्नाची धून दणकावली. मुनला वाटलं पवित्र आत्मा उतरला. त्यानं दोन्ही हात आकाशाकडे नेले आणि तोही ओरडला, "गोर्को!"

धून संपली. मुका काही झाला नाही.

"पण नवरी कुठाय?" फेक्लाआजीनं सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"नवरी?" मुन आनंदानं थरथरत होता. "तुम्हीच! तुम्ही सगळे मिळून! ख्रिस्ताची नवरी म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवणारी मंडळी!"

"मी?" फेक्लाआजीनं छातीवर हात ठेवला. "अगं बाई! आधी सांगितलं असतं तर दात तरी लावून आले असते!"

हसण्यानं खिडक्यांच्या काचा वाजल्या. सीना तेवढी हसली नाही. इतक्या वर्षांचं नाव, इतक्या आया, इतक्या इस्त्र्या! उद्या बाजारात तोंड कसं दाखवायचं? तिनं पोरासारख्या दिसणाऱ्या त्या पाळकाकडे पाहिलं. त्याला बिचाऱ्याला अजून काहीच कळलं नव्हतं. तिनं माईक उचलला.

"लोकहो, चूक माझी. लग्नबिग्न काही नाही, जहाजंही नाहीत. हा माणूस देवाचं बोलायला आलाय, आणि मी त्याला वऱ्हाडी समजले. ज्यांना जायचंय त्यांनी जावं. मात्र कुकसी आता फुगायला लागलीय."

कुणी हललं नाही. कुकसीचा प्रभाव असेल, पण एक जण तोंड भरल्याभरल्याच म्हणाला, "मावशी, त्या पेत्राचं पुढं काय झालं ते विचारा की!"

सीनानं विचारलं. मुननं बेगोदी खाली ठेवली. "त्याला माफी मिळाली. वर ख्रिस्तानं सगळ्या मंडळीचा भारही त्याच्यावरच सोपवला."

"एवढं सगळं होऊन?"

"एवढं सगळं होऊन."

तिनं ते माईकवरून सांगितलं, आणि कुणी न विचारता पुन्हा एकदा सांगितलं. घरी जाताना ती एक शब्द बोलली नाही. अपोलोन घाबरला. त्याला वाटलं बायको आजारी पडली.

पुढच्या रविवारी कोण येतंय, असं म्हणत तिनं थोड्याच खुर्च्या मांडल्या, आणि त्या कमी पडल्या. कुणाला पेत्राची आणखी हकिगत हवी होती, कुणाला बेगोद्या, आणि कितीकांना पुन्हा तसं पोटभर हसायला. पहिला बाप्तिस्मा फेक्लाआजीचा, दातांसकट. सीनाचा दुसऱ्या वर्षी. लग्नसराईत 'लीरा' मिळेना, तेव्हा मंडळी बंद पडलेल्या सिनेमागृहात गेली. तिथं एवढी गर्दी झाली की शेजारचे कझाक आणि रशियनही काय चाललंय ते बघायला आले ते परत गेलेच नाहीत. शेवटी सगळ्यांनी मिळून सफरचंदाच्या एका जुन्या बागेत विटांचं प्रार्थनाघर उभं केलं. स्तोत्रांवरून मात्र नवरा-बायकोत रोज वाद.

"अपोलोन, हे स्तोत्र आहे, नाच नाही!"

"मग लोक पाय का हलवतायत?"

"तू हलवायला लावतोस म्हणून!"

"बरं झालं. थंडी कमी वाजेल."

घरावर छप्पर चढलं तसा मुन एके दिवशी म्हणाला, "आपण प्रेस्बिटेरियन. आपल्यात पाळकानं एकट्यानं कारभार करायचा नसतो. तुम्ही आपल्यातून वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, निवडा. मतं टाकून."

मतं त्यांनी जन्मभर टाकली होती. नाव एकच असायचं.

"नाव वरून आलं का?" फेक्लाआजीनं विचारलं.

"देवाकडून?"

"नाही रे. पार्टीच्या समितीकडून."

"कुणाकडूनच नाही, आजी. तुम्हाला जो योग्य वाटेल तो."

"कुणीही?"

"कुणीही."

मग जी धमाल उडाली! पहिली फेरी बाद करावी लागली, कारण रोझानं आपल्या अख्ख्या बाकावरच्यांची नावं लिहिली, म्हणाली, "कुणाला दुखवू?" एकानं मुनचंच नाव लिहिलं. दुसऱ्या फेरीत लोकांनी चिठ्ठ्या कोपरानं झाकून लिहिल्या, शाळेतल्या पोरांसारख्या, आणि तोंड झाकून हसत राहिले. मुन नावं वाचू लागला. तिसरं, चौथं, पाचवं नाव एकच आलं, तशी सीना उठून उभी राहिली.

"थांबा! मी? अहो, माझं नाव एंगेल्सिना आहे!"

"चिठ्ठीवर तेच लिहिलंय," मुन म्हणाला.

तिच्यासोबत एक कझाक सुतार आणि एक शाळामास्तर निवडून आले. अपोलोनला दोन मतं पडली.

घरी जाताना ट्रॉलीबसमध्ये तो अकॉर्डियन मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसला होता. सीनाचे पाय अजून जमिनीला लागत नव्हते.

"वडील म्हणजे भुवई आता सगळ्या मंडळीवर चालणार," तो म्हणाला.

"रुसलास?"

"छे. दोन पडली की. एक माझं मीच टाकलं." त्यानं अकॉर्डियनचा पट्टा सारखा केला. "दुसरं कुणाचं असेल गं?"

"कुणास ठाऊक. असेल कुणीतरी बहिरं," सीना म्हणाली, आणि बस वळल्यावर त्याच्यावर कलंडली ती सरळ झालीच नाही.