बटण लावण्याचा पाठ

लाल बटण, रुपयाएवढं मोठं, लाकडी चौकटीवर ताणलेल्या निळ्या कापडावरचं — ते आपल्या काजापाशी येऊन थांबलं होतं, आणि गुड्डीची बोटं त्याला आत सारायचं सोडून खालच्या काजाकडे ओढत होती, सावकाश, टेबलापलीकडून नीट दिसेल इतकी सावकाश... नको गं, धनश्री मनात म्हणाली. वरचं काज. काल किती समजावलं तुला.

टेबलापलीकडे एम.एड.चे बाहेरून आलेले परीक्षक बसले होते, शेजारी या विशेष शाळेच्या मुख्याध्यापिका सुनंदाबाई. धनश्रीचा हा शेवटचा पाठ. तो निभावला की पदवी, पदवी मिळाली की हंगामी नोकरी कायम, आणि दापोली सोडून सिल्वासात काढलेल्या वर्षांचं काहीतरी चीज. पण आज ठरायचं होतं ते गुड्डीचं. तिला जूनपासून टोकरखाड्याच्या साध्या शाळेत, साध्या मुलांत बसवायचं का, हे सुनंदाबाई पाठ संपला की याच परीक्षकांना विचारणार होत्या.

आणि गुड्डीला बटणं लावता येत होती. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत धनश्रीने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं — एका लहानग्याचा उघडा शर्ट तिने गळ्यापर्यंत झरझर लावून दिला, मग मॅडम बघताहेत हे दिसताच दचकली आणि सगळी बटणं पुन्हा काढून टाकली. चोरी पकडल्यासारखी! तेव्हा धनश्रीला इथेच पाठ घेऊन गेलेल्या आधीच्या एम.एड. बॅचचा विशाल आठवला. "गुड्डी घ्या मॅडम, पाठ एकदम सेट," असं तो म्हणाला होता. "आधी चुकते, मग शिकवलं की बरोबर करते." आधी चुकायलाच हवं, नाहीतर आपण शिकवलं काय? म्हणून दर बॅच गुड्डीला मागून घेते, बटणाचाच पाठ घेते, शेवटी टाळ्या वाजवते. सगळ्यांनी मिळून त्या पोरीला एकच गोष्ट पक्की शिकवली — पाहुण्यांसमोर आपल्याला येत नाही. आणि वर्गात बसून समावेशन, समावेशन म्हणत घसा कोरडा करणारे आम्हीच. लाज वाटते. खरंच वाटते.

काल संध्याकाळी ती नरोलीला गुड्डीच्या खोलीवर गेली होती. तिची आई केसरबाई सायली गावच्या कारखान्यातून नुकतीच आलेली, हातपाय न धुता तशीच उंबऱ्यात बसलेली. "मॅडम, घरमा बापाच्या शर्टाची बटनं तीच लावस," ती म्हणाली. "झपाझप लावस. मंग शाळामा काय होस तिले?" काय होतं ते सांगायचं धनश्रीच्या ओठांवर आलं होतं... पण ते कुठल्या तोंडाने सांगायचं? "उद्या दाखवील ती," एवढंच ती म्हणाली. "मी आहे ना." मग गुड्डीला जवळ घेऊन समजावलं होतं — उद्या पहिल्यांदाच बरोबर लावायचं, चुकायचं नाही, मॅडमला तेच आवडेल. गुड्डीने मान हलवली होती.

पण सकाळी स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, हे परीक्षक कडक आहेत, मुलाला जे आधीच येतं तेच पुन्हा शिकवलं म्हणून त्यांनी एकीला सरळ नापास केलंय. म्हणजे गुड्डीने पहिल्यांदाच बरोबर लावलं तर आपणही नापास. म्हणून "लाव बघू, गुड्डी" म्हटल्यावर गुड्डीने बटणाकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ. काय दिसलं तिला? मी हसत होते. हसत होते ना?...

बटण खालच्या काजात गेलं. आणि — हे तिला नको होतं, अजिबात नको होतं — धनश्रीचे आखडलेले खांदे सैल झाले. बरं वाटलं तिला! पाठ आता ठरल्याप्रमाणे पुढे सरकला. "असं नाही बाळा, बघ हं, वर," तिचा पाठातला गोड आवाज आपोआप लागला, तिने गुड्डीचा हात हातात धरून वरचं काज दाखवलं, आणि दुसऱ्या खेपेला गुड्डीने वरपासून खालपर्यंत सगळी बटणं न चुकता लावली. टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात गुड्डीच्याच.

"छान," परीक्षक म्हणाले. "पेशन्स आहे तुमच्याकडे." मग सुनंदाबाईंनी विचारलं तसं त्यांच्याकडे वळून, "मुलगी शिकेल, पण वेळ लागतो तिला. साध्या वर्गात भांबावून जाईल. वर्षभर इथेच असू द्या."

"मलाही तेच वाटतं सर," सुनंदाबाई म्हणाल्या. "पुढच्या बॅचलाही बरी पडेल."

"सर," धनश्री म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. दोघांनी वळून पाहिलं. आता बोल. एक वाक्य. तिला आधीपासून येतं, एवढंच.

"बोला ना."

"तिला... फार आवडतं सर, हे बटणांचं."

परीक्षक हसले, सुनंदाबाई हसल्या, आणि तीही हसली.

बाहेर बाकावर केसरबाई बसली होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, ठेवणीतली साडी नेसून. गुड्डी धावत जाऊन तिला बिलगली. "झायं का मॅडम?" केसरबाई उठून उभी राहिली. "जाई ना आता ती साध्या शाळामा?"

आईच्या पदराआडून गुड्डी धनश्रीकडे बघत होती, शाबासकीची वाट बघत. धनश्रीला तिचा राग आला. एवढं समजावून, एवढं सांगून ऐन वेळी... माझं ऐकायला काय झालं होतं? राग खोटा आहे हे तिला कळत होतं, पण तो आल्याबरोबर जीभ मोकळी झाली, केसरबाईच्या डोळ्यांकडेही बघता यायला लागलं.

"चुकली ती, केसरबाई," धनश्री म्हणाली. आवाज जराही कापला नाही. तिला त्याचं नवल वाटलं. आता तरी आपल्याला वाईट वाटेल, याची वाट बघत ती तशीच उभी राहिली.