ओवाळताना जळलेला चंद्र

मित्रांनो, सगळी यंत्रं आपापल्या कामाची फुशारकी सांगतात. माझ्यापाशी सांगण्यासारखी एक चूकच आहे. मी एक जुना, हाताने फिरवायचा प्रोजेक्टर. घाटकोपरच्या एका चाळीत विद्याधरकाकांच्या माळ्यावर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म परदेशात झाला. कुठल्या देशात ते मलाही ठाऊक नाही, कारण नावाची पट्टी वाटेतच कुठेतरी निखळली. विमा कचेरीत कारकून असलेल्या काकांनी १९५० साली मला जुन्या बाजारातून उचलून आणलं, तेव्हा सोबत एकच फीत होती. हलणाऱ्या कागदी चित्रांची, आणि भलतीच विचित्र. त्यात एक बेडूक कोट घालून चालायचा. गोगलगायीच्या पाठीवरच्या घरात दिवा लागायचा. शेवटी चंद्र कपडे वाळत घालायच्या दोरीवरून घसरत यायचा आणि शिडीने खाली उतरायचा. मधूनमधून अक्षरं यायची, ती कुणालाच वाचता येत नसत. मग काकांची बायको, नीलाकाकू, मनानेच गोष्ट रचून सांगायच्या. एका रविवारी बेडूक मालाडचा पोस्टमन असे, तर पुढच्या रविवारी वर्सोव्याला सुकी मासळी आणायला निघालेला जावई. दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या की वीस-पंचवीस मुलं भिंतीसमोर दाटीवाटीने बसत, बेडकाला हसत आणि गोगलगायीला थोडी घाबरतसुद्धा. तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका.

त्या मुलांत समोरच्या खोलीतली मालन असायची, आठ-नऊ वर्षांची. तिचे वडील सहदेव गिरणीत कामाला होते. मालनला भाऊ नव्हता. भाऊ नसलेल्या मुली भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, हे तुम्हाला माहीत आहेच. १९५१ च्या भाऊबीजेला नेमकं आभाळ भरून आलं. त्या संध्याकाळी काकांनी मुलांसाठी खास खेळ लावला, तेव्हा मालन निरांजनाचं ताट घेऊनच आली.

"काका, तुमचा चंद्र आला की जरा थांबवाल ना? मला ओवाळायचंय."

"थांबवतो की, त्यात काय," काका हसून म्हणाले.

चंद्र शिडीच्या तिसऱ्या पायरीवर आला आणि काकांनी हँडल थांबवलं. माझ्या दिव्यापुढे पत्र्याची एक पापणी आहे. हँडल थांबलं की ती खाली पडते आणि दिव्याची धग फितीला लागत नाही. ती पापणी गंजून वरच अडकली होती. मला चार महिने ते जाणवत होतं. पण मला सांगता येत नव्हतं, आणि मला तेल घालणं काकांना कधी सुचलं नव्हतं. मालनने ताट एकदा फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवताना भिंतीवरच्या चंद्राच्या गालावर तपकिरी डाग पडला. तो पसरत गेला, आणि तिच्या डोळ्यांदेखत चंद्र जळून गेला.

काका घाबरले, ओशाळले, आणि सगळा राग त्या पोरीवर निघाला. "तुझ्या हट्टापायी झालं हे. चित्राला काय ओवाळायचं असतं?"

मालन ताट सांभाळत घरी गेली आणि पुन्हा कधी आमच्याकडे आली नाही. काकांनी वीतभर फीत कापून टाकली आणि उरलेली जोडली. तेव्हापासून चंद्र तिसऱ्या पायरीवरून एकदम नाहीसा होऊ लागला.

हळूहळू मुलं मोठी झाली आणि खेळ बंद पडले. मी माळ्यावर गेलो. जिन्यात ती पोरं भेटली की त्यांचं बोलणं माझ्या कानावर येई. "अरे, तो कोटवाला बेडूक आठवतो? खरंच होता ना रे, की स्वप्न पडलेलं आपल्याला?" सगळे हसत. मालन तिथून जात असली तर मान खाली घालून निघून जाई.

यंदा, म्हणजे १९५९ च्या भाऊबीजेला, नीलाकाकूंनी तिला हाक मारली. त्यांचा मुलगा अनंत आता पाच वर्षांचा आहे आणि त्याला बहीण नाही. "मालन, तू ओवाळ गं याला."

मालनने हात मागे घेतले. "नको काकू. माझ्या हाताने नको."

"का गं?"

"मी ओवाळलं की जळतं."

काकूंना काही कळेना. काका मात्र खुर्चीतून उठले. "मालन, तो दोष तुझा नव्हता. यंत्राच्या दिव्यापुढची पत्र्याची पापणी गंजून अडकली होती. मीच बघितलं नव्हतं."

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच आठवड्यात. साफ करायला उघडलं तेव्हा."

मालन हळू आवाजात म्हणाली, "काका, आम्ही समोरच राहतो."

एवढं बोलून तिने काकूंच्या हातून ताट घेतलं आणि अनंतला ओवाळलं. ओवाळून झाल्यावरही, ज्योत शांत होईपर्यंत, ती त्याच्या गालाकडे टक लावून पाहत होती.

मित्रांनो, घरातल्या यंत्रांना वेळेवर तेल घाला, एवढंच मी एरवी सांगितलं असतं. पण गंज माझ्यात होता आणि आठ वर्षं तो भोगला त्या पोरीने. कुणाला उगाच बोल लावलात असं कळलं, तर त्याच दिवशी उठा आणि जाऊन सांगा. मला तोंड नव्हतं. काकांना होतं, आणि तुम्हालाही आहे.