पंधरावी ओळ

विणकामाचं मासिक घेण्याचा नाद मला लागला, कारण माझा माझ्या हातांवर विश्वास नाही. आमच्या बालिकेसिर शहरातल्या बायका "नमुना दे की गं" म्हणत दारोदार फिरतात. मी नाक्यावरच्या टपरीतून मासिक आणते. त्यातल्या पोरी स्वेटर असा घालतात की एक खांदा कायम उघडा. त्या खांद्याला थंडी वाजत नाही काय? पण मागच्या पानांवरचे नमुने चोख असतात. चौकटी मोजा, टाके घाला, कुणाची मिनतवारी नको.

या महिन्याच्या अंकात 'बदामाचं पान' हा नमुना होता. खाली नाव: नेरिमान, बालिकेसिर. माझी सख्खी धाकटी बहीण!

बदामाचं पान आमच्या आईचं. आजीनं तिला शिकवलेलं, घराबाहेर कधी न गेलेलं. मी तिरीमिरीत फोन लावला.

"आईचा नमुना बाजारात मांडायला लाज नाही वाटली?"

"ताई, आई ओळी विसरायला लागलीय. कुठेतरी लिहिलेलं राहू दे, म्हटलं. तिला विचारूनच पाठवला."

"आणि मला?"

"तू चिडतेस म्हणून नाही विचारलं."

खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले.

तिच्या चुका काढायच्या म्हणूनच सुया हातात घेतल्या. नातीची बंडी अर्धवट पडलीच होती. तीस वर्षं मी हे पान विणतेय आणि तीस वर्षं त्याचं टोक उघडं राहतंय. टाके जास्त होतात, मग पुढच्या ओळीत मी ते गुपचूप कमी करते. आई चारचौघींत म्हणायची, "आमच्या सबाहतचा हातच सैल. नेरिमानचा बघा." मी पण सगळ्यांबरोबर हसायची.

मासिकात बघून विणलं, तर टोक मिटलं.

उसवून पुन्हा विणलं. पुन्हा मिटलं. पंधराव्या ओळीत मधले तीन टाके एकत्र घ्यायचे होते. आईनं मला शिकवलं होतं: पंधरावी, सगळे सुलट.

मासिक आणि सुयांसकट बंडी पिशवीत कोंबून मी आईकडे गेले. ती बाल्कनीत चहा घेत बसली होती.

"आई, पंधरावी ओळ मला चुकीची सांगितलीस?"

मला वाटलं, म्हणेल, विसरले असेन गं. मी ते मानायलाही तयार होते.

तिनं साखरेचा खडा दाताखाली धरला आणि एक घोट घेतला. "रेशातबरोबर पळून गेलीस, तेव्हा मला सांगितलं होतंस?"

"त्याला तीस वर्षं झाली! तू माफ केलंस. दर ईदेला तुझा हात कपाळाला लावते मी."

"केलंच की माफ. तू एक गोष्ट लपवलीस, मी एक ओळ लपवली. फिट्टंफाट."

मला रडू फुटलं. मी तिला एकदाच फसवलं होतं. तिनं मला प्रत्येक बंडीत, प्रत्येक पानात फसवलं, आणि वर माझ्याच हातांना नावं ठेवली.

तिच्या लेखी मात्र विषय संपला होता. पिशवीतून बंडी ओढून घेत ती म्हणाली, "माझ्या पणतीचीच ना? मी करते पुरी. मला दिसत नाही, तू वाच."

डोळे पुसून मी वाचायला लागले. बोटं अजून तशीच चालत होती तिची, घट्ट आणि नेटकी. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. चौदावी संपेपर्यंत चहा पार निवला.

"हं, पंधरावी?"

"तूच सांग."

तिनं टाके चाचपले. ओठ हलवून काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. सुया तशाच धरून ती माझ्याकडे बघायला लागली.

"आठवत नाही गं."

"मला तर कुणी सांगितलीच नव्हती," मी म्हणाले, आणि मासिक मिटून पिशवीत टाकलं.